गुळाच्या पुडक्यावरचं ‘इको-फ्रेंडली’: गुऱ्हाळं काय सांगतात आणि काय सांगायचं राहून जातं?

उसाचा हंगाम सुरू झाला की मोबाइलवर गुऱ्हाळांचे रील्स दिसू लागतात. मोठ्या काहिलीत उकळणारा रस, वर येणारी वाफ, लांब दांड्याच्या फावड्याने घोटला जाणारा सोनेरी पाक आणि खाली ओळ: ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री, इको-फ्रेंडली गूळ’. खाली ऑर्डरसाठी नंबर. किंमत किराणा दुकानातल्या गुळाच्या दीडपट-दुप्पट.

गूळ हा महाराष्ट्रातला जुना शेतीउद्योग. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारासाठी. पुढे ‘कोल्हापुरी गूळ’ ही देशभर ओळख झाली आणि २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं.

पण जुनं म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक असतं का? गुऱ्हाळाबाबत याचं उत्तर ‘काही बाबतीत हो, काही बाबतीत अजिबात नाही’ असं आहे. गंमत म्हणजे ज्या बाबतीत ‘हो’ आहे ते पुडक्यावर क्वचितच छापलेलं असतं. जे ठळक छापलेलं असतं त्याचा पर्यावरणाशी संबंध कमी असतो. आणि सगळ्यात मोठा मुद्दा, पाणी, याबद्दल बहुतेक जण गप्प असतात.

गुऱ्हाळात नेमकं काय होतं?

ऊस चरकात घालून रस काढला जातो. रस काहिलीत घेऊन खाली चुलवाणात जाळ केला जातो. रस तापला की त्यातली मळी वर येते, ती काढून टाकतात. मग रस आटत जातो, आधी काकवीसारखा होतो, नंतर घट्ट पाक. पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. थोडं लवकर उतरवलं तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. उतरवलेला पाक वाफ्यात ओतून घोटतात आणि साच्यांत भरून त्याचे रवे किंवा ढेपा तयार होतात.

आकड्यांत पाहायचं तर १ टन उसापासून साधारण ६०० ते ६५० किलो रस निघतो आणि त्यातून १०० ते १२० किलो गूळ तयार होतो. म्हणजे एका टनामागे जवळपास ५०० किलो पाणी वाफ करून उडवावं लागतं. गुऱ्हाळाचा पर्यावरणाचा सगळा हिशेब दोन प्रश्नांभोवती फिरतो: ही वाफ करायला इंधन कोणतं वापरलं आणि मुळात ऊस कसा पिकवला?

जमेची बाजू: चिपाड

रस काढल्यावर उरतं ते चिपाड. कारखान्याच्या भाषेत बगॅस. १ टन उसामागे ३५० ते ४०० किलो ओलं चिपाड निघतं. त्यातलं निम्मं पाणीच असतं. उन्हात वाळवल्यावर साधारण २०० किलो सुकं इंधन हाती येतं आणि तेच चुलवाणात जातं.

म्हणजे ज्या उसाचा गूळ करायचा, त्याच उसाचं चिपाड जाळून तो तयार होतो. कोळसा नाही, डिझेल नाही, गॅस नाही. चिपाड जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढचं पीक तो पुन्हा घेतं. मोजक्या उद्योगांना आपल्या इंधनाबद्दल असं म्हणता येईल. मळीचं खत होतं आणि ऊसही बहुतेक वेळा आसपासच्या शिवारातूनच येतो.

इथे एक फसवी तुलना मात्र टाळायला हवी. ‘आम्ही साखर कारखान्यासारखं प्रदूषण करत नाही, चिपाडावर गूळ करतो’ असा मजकूर काही ठिकाणी दिसतो. पण साखर कारखानेही बगॅसवरच चालतात. सहवीजनिर्मिती प्रकल्प असलेले कारखाने तर वीज तयार करून विकतात. गुऱ्हाळाचा फायदा खरा आहे, पण तो फक्त गुऱ्हाळाचा नाही.

मग धूर आणि टायर कुठून येतात?

कागदावर हिशेब सोपा आहे. २०० किलो सुक्या चिपाडात असलेली उष्णता ५०० किलो पाणी उडवायला लागणाऱ्या उष्णतेच्या दुपटीहून जास्त असते. तरीही कित्येक गुऱ्हाळांना चिपाड पुरत नाही.

कारण भट्टी. एका काहिलीच्या जुन्या पद्धतीच्या चुलवाणात निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून आणि भिंतींतून निघून जाते. चिपाड नीट वाळलेलं नसेल किंवा हंगामात अवकाळी पाऊस झाला तर गणित आणखी बिघडतं, कारण आधी चिपाडातलंच पाणी उडवावं लागतं. अर्धवट जळालेल्या ओल्या चिपाडाचा काळा धूर गावावर पसरतो तो यामुळे.

इंधन कमी पडलं की बाहेरून आणावं लागतं. कुणी लाकूड आणतं. राज्याच्या काही भागांतून जुने टायर, प्लास्टिक आणि कारखान्यांतला टाकाऊ माल गुऱ्हाळात जाळला जात असल्याच्या तक्रारीही आल्या आहेत. टायर किंवा प्लास्टिकच्या धुरात श्वसनाला घातक असे अनेक विषारी घटक असतात. असा धूर आधी चुलवाणापाशी राबणाऱ्या कामगाराच्या आणि मग शेजारच्या वस्तीच्या छातीत जातो. पुडक्यावर ‘पारंपरिक चुलीवरचा’ लिहिलेलं असतं, पण चुलीत काय होतं ते लिहिलेलं नसतं.

यावर उपाय आहेत. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने एकामागे एक दोन किंवा तीन काहिली असलेल्या भट्ट्या विकसित केल्या. पहिल्या काहिलीखालून जाणारे गरम वायू पुढच्या काहिलीतला रस तापवतात आणि मग धुराड्यात जातात. उष्णता वाया जाणं कमी झालं की चिपाड पुरतं, उरलंच तर विकताही येतं. गुऱ्हाळाने भट्टी सुधारली असेल तर ती खरोखर सांगण्यासारखी गोष्ट आहे. पण ‘आमची भट्टी तीन काहिलींची आहे’ हे वाक्य जाहिरातीत क्वचितच भेटतं.

‘केमिकल-फ्री’ हा पर्यावरणाचा दावा आहे का?

बहुतांशी नाही. तो खाणाऱ्याच्या आरोग्याबद्दलचा दावा आहे.

रस स्वच्छ करण्यासाठी जुन्या पद्धतीत भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात. तो रसातली घाण धरून वर आणतो. याशिवाय थोडा चुनाही वापरला जातो. मग गुळाचा रंग उजळ यावा म्हणून सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुऱ्हाळावरच्या भाषेत हायड्रॉस पावडर, वापरात आली. हायड्रॉसमुळे गुळात गंधकाचा अंश उरतो. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार गुळात सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांत ७० भागांपेक्षा जास्त असता कामा नये.

हायड्रॉस का आली, हे समजलं तर जाहिरातीचा प्रश्नही समजतो. बाजार समितीत गुळाचे सौदे होतात तेव्हा व्यापारी आधी रंग पाहतो. पिवळाधमक रवा असेल तर भाव चढतो, काळपट असेल तर उतरतो. कोल्हापुरी गुळाची मोठी बाजारपेठ गुजरातमध्ये आहे आणि तिथेही उजळ गुळाला पसंती राहिली आहे. म्हणजे लेबल येण्याच्या कितीतरी आधीपासून गुळाचा रंग हीच त्याची जाहिरात होती आणि ती जाहिरात चांगली दिसावी म्हणून पावडर पडत गेली.

आता वारं फिरलं आहे. शहरातला ग्राहक काळा गूळ शोधतो. पण ‘काळा म्हणजे सेंद्रिय’ ही नवी समजूतही तितकीच कच्ची आहे. गुळाचा रंग उसाचं वाण, जमीन, खत, ऊस तोडून किती वेळ झाला आणि पाक किती तापला या सगळ्यावर ठरतो. करपलेला गूळही काळा असतो. चांगल्या जमिनीतल्या, वेळेवर गाळलेल्या उसाचा गूळ काहीही न घालता सोनेरी येऊ शकतो. नुसत्या रंगावरून ना रसायन ओळखता येतं, ना पर्यावरणाची काळजी.

आणखी एक अडचण साखरमिश्रित गुळाची. साखर स्वस्त आणि गुळाला भाव अशी स्थिती आली की काही ठिकाणी रसात साखर मिसळून वजन वाढवलं जातं. अशा गुळावर ‘चिपाडावर तयार’ असं लिहिलं तरी ते अर्धसत्यच, कारण त्यातली साखर कारखान्यातून आलेली असते.

पाणी: जे कुणीच बोलत नाही

ऊस हे १२ ते १८ महिने शेतात उभं राहणारं पीक. त्याला पूर्ण वाढीच्या काळात साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. मधला २,००० मिलिमीटरचा आकडा घेतला तर हेक्टरी २ कोटी लिटर होतं. हेक्टरी ९० टन ऊस धरला तर त्याचा गूळ होतो साधारण १० टन. म्हणजे १ किलो गुळामागे ढोबळमानाने २,००० लिटर पाणी.

यातलं काही पाणी पावसाचं असतं. पंचगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर, त्यामुळे तिथल्या उसाला सिंचन तुलनेने कमी लागतं. तोच ऊस कमी पावसाच्या तालुक्यात धरणाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर घेतला तर हिशेब पूर्ण बदलतो. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने काही वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं, की महाराष्ट्रात लागवडीखालच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो.

त्यामुळे ‘साखर सोडा, गूळ खा, पर्यावरण वाचवा’ या वाक्याला पाण्यापुरता तरी आधार नाही. एका टन उसातून जवळपास तितकीच साखर निघते जितका गूळ. शेतातलं पाणी दोघांनाही सारखंच लागतं.

फरक पडतो तो ऊस पिकवण्याच्या पद्धतीने. पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबक केलं तर साधारण ३० ते ५० टक्के पाणी वाचतं. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात पडतं. ते पेटवून दिलं तर धूर होतो आणि जमिनीतले उपयुक्त जीवही भाजतात. खोडव्याच्या सऱ्यांत पाचट अंथरलं तर ओल टिकते, तण कमी उगवतं आणि पाचट कुजून खत होतं. म्हणजे गुळाचा खरा पर्यावरणीय फरक काहिलीत नाही, शेतात पडतो. रील मात्र काहिलीचा निघतो, कारण ठिबकच्या नळीचा व्हिडिओ कोण बघणार?

जीआय, सेंद्रिय, नैसर्गिक: सगळे शब्द सारखे नाहीत

जीआय हे जागेबद्दल सांगतं. हा गूळ कोल्हापूर परिसरातला आहे आणि त्याची वैशिष्ट्यं त्या मातीशी, पद्धतीशी जोडलेली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पाणी किती वापरलं, चुलीत काय जाळलं, याची हमी त्यात नसते.

‘सेंद्रिय’ हा नियमांत बसणारा शब्द आहे. पॅकबंद माल सेंद्रिय म्हणून विकायचा तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम म्हणजे एनपीओपी किंवा शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करण्याची पीजीएस-इंडिया पद्धत, यांपैकी एकाचं प्रमाणपत्र लागतं. अशा पुडक्यावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असतं. छोट्या शेतकऱ्याने स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकला तर प्रमाणपत्रातून सवलत आहे, पण मग त्याला हे चिन्ह वापरता येत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र शेतातल्या रासायनिक खतांबद्दल आणि फवारण्यांबद्दल बरंच काही सांगतं. पाण्याबद्दल आणि भट्टीबद्दल फार कमी.

‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘देशी’, ‘पारंपरिक’ हे शब्द एकटे असतील तर त्यातून तपासता येण्यासारखं काहीच कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंग रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ग्रीनवॉशिंग म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त हिरवं दाखवणं. त्यात खोटा दावा तर येतोच, पण चांगली बाजू ठळक करून वाईट बाजू लपवणं आणि दिशाभूल करणारी चित्रं किंवा चिन्हं वापरणं हेही येतं.

या तत्त्वांनुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. दावा नेमका कशाबद्दल आहे, संपूर्ण वस्तूबद्दल, बनवण्याच्या पद्धतीबद्दल की फक्त वेष्टनाबद्दल, हे सांगावं लागतं. पुरावा हवा आणि तो क्यूआर कोड किंवा वेबपत्त्यासारख्या मार्गाने ग्राहकाला पाहता यायला हवा. कागदी पिशवीत गूळ भरला म्हणून गूळच ‘इको-फ्रेंडली’ ठरत नाही, पिशवीबद्दल तेवढं सांगता येतं. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वनियमन संस्थेची अशीच तत्त्वं फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत.

सोशल मीडियावर गुळाची शिफारस करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यायला हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत. पैसे किंवा फुकट माल घेऊन रील केला असेल तर ते स्पष्ट सांगणंही बंधनकारक आहे.

खरं सांगणं गुऱ्हाळाला अवघड का जातं?

सगळा दोष गुऱ्हाळमालकाचा नाही. पारंपरिक व्यवस्थेत गूळ गुऱ्हाळातून बाजार समितीत जातो, तिथे सौद्यात विकला जातो, मग व्यापाऱ्याकडून पॅकिंग करणाऱ्याकडे. पुडक्यावर नाव पॅकिंग करणाऱ्याचं. ऊस कुणाच्या शेतातला, पाणी कसं दिलेलं, चुलीत काय होतं ही माहिती पहिल्याच टप्प्यावर गळून पडते. एका पुडक्यात चार गुऱ्हाळांचा गूळ असू शकतो.

दुसरं म्हणजे खर्च. चांगली भट्टी, ठिबक, प्रमाणपत्र, प्रयोगशाळेत तपासणी या सगळ्याला पैसे लागतात आणि गुऱ्हाळांची संख्या गेल्या काही दशकांत झपाट्याने घटली आहे. उसाला कारखान्याचा दर मिळतो, गुऱ्हाळाला मजूर मिळत नाहीत. अशा वेळी पिवळ्या रव्याला सौद्यात जास्त भाव मिळत असेल आणि चांगल्या भट्टीला काहीच नाही, तर मालक काय करील हे उघड आहे. थेट विक्री आणि सोशल मीडियामुळे पहिल्यांदाच गुऱ्हाळाला स्वतःची गोष्ट ग्राहकाला सांगता येते आहे. म्हणूनच ती नेमकी सांगितली जाणं महत्त्वाचं. सगळेच ‘इको-फ्रेंडली’ म्हणू लागले तर ज्याने खरंच भट्टी बदलली त्याचा आवाज त्यात बुडून जातो.

प्रामाणिक लेबल कसं दिसेल?

कल्पना करा, पुडक्यावर एवढंच लिहिलं आहे:

‘ऊस: स्वतःच्या शेतातला, ठिबकवर. पाचट जाळत नाही. इंधन: याच उसाचं चिपाड, पावसाळी दिवसांत थोडं लाकूड. रस गाळायला भेंडी आणि चुना. हायड्रॉस नाही, तपासणी अहवाल क्यूआरवर. रंग दर घाण्याला थोडा वेगळा येईल.’

यात ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द नाही. लाकूड लागतं ही कमतरताही कबूल केली आहे. तरी रीलखालच्या ओळीपेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं आणि यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते.

गूळ मागवण्याआधी विचारण्यासारखे ५ प्रश्न

१. गूळ कोणत्या गावच्या गुऱ्हाळातला आहे? एकाच गुऱ्हाळातला की मिसळलेला?

२. चुलवाणात काय जाळता? चिपाड पुरतं का? पुरत नसेल तर काय आणता?

३. ऊस पाटाच्या पाण्यावर की ठिबकवर? पाचटाचं काय करता?

४. ‘सेंद्रिय’ म्हणत असाल तर प्रमाणपत्र कोणतं? पुडक्यावर जैविक भारत चिन्ह आहे का?

५. सल्फर डायऑक्साइडची तपासणी केली आहे का? अहवाल पाहायला मिळेल का?

ज्याच्याकडे उत्तरं आहेत तो विक्रेता ती आनंदाने देतो. खोट्या दाव्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. टायर किंवा प्लास्टिक जाळलं जात असल्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते.